प्रकल्प नोंदी: कातळसड्यावरचे कोळी आणि शेणकिडे

२८ मे
जागा पक्की झाली. आंबोलीजवळचा खासगी मालकीचा कातळसडा, उंची साधारण ७०० मीटर. मालकाची लेखी परवानगी फाइलला लावली. वनजमीन असती तर वनखात्याची, आणि अभयारण्य असतं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालची परवानगी लागली असती. "किडेच तर आहेत" म्हणून ती टाळता येत नाही. शोधनिबंधात परवान्याचा क्रमांक नसला की चांगली नियतकालिकं लेख तिथूनच परत पाठवतात. परदेशी सहलेखक घ्यायचा असेल किंवा नमुना देशाबाहेर पाठवायचा असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचायचे, नमुना पाकिटात घातल्यावर नव्हे.

दोन गट घेतले आहेत: जमिनीवर हिंडणारे उड्या मारणारे कोळी आणि शेणकिडे. दोन्हींचे प्रौढ पहिल्या पावसाच्या मागेपुढे बाहेर पडतात. कोळ्यांचे प्रौढ नर तर काही आठवडेच दिसतात. तो काळ चुकला की वर्ष गेलं.

२ जून
अल्कोहोल तयार केलं. बाह्यरचना पाहायच्या नमुन्यांसाठी ७० टक्के: ९५ टक्क्यांचं ७३७ मिली घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने १ लिटरपर्यंत आणायचं. बोअरचं पाणी वापरलं तर क्षार खाली बसतात आणि नमुन्यावर पांढरी भुकटी धरते. मग केसांची मांडणी दिसत नाही. डीएनएसाठी वेगळ्या कुप्या, ९५ टक्क्यांच्या वरच्या. त्याच कुपीतला कोळी नंतर पाय मोजायला काढला तर कडक होऊन सांध्यात तुटतो, म्हणून डीएनएसाठी फक्त पाय जातो, बाकीचं शरीर ७० टक्क्यांत.

लेबलं जाड, आम्लविरहित कागदावर, पेन्सिलीने किंवा पिगमेंट शाईने. बॉलपेन अल्कोहोलमध्ये विरघळतं. लेझर प्रिंटरची अक्षरं काही महिन्यांनी सोलून कुपीच्या तळाशी जमतात, आणि मग कोरा कागद व बेवारस कोळी एवढंच हाती उरतं. लेबल कुपीच्या आत. क्रम: देश, राज्य, जिल्हा, तालुका, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणारा, पद्धत. महिना रोमन आकड्यात, म्हणजे ६ जुलै आणि ७ जून यांची गल्लत होत नाही.

९ जून
सापळे लावले. अडीचशे मिलीचे प्लास्टिकचे ग्लास, तोंड ८ ते ९ सेंटीमीटर. अडचण अशी की सड्यावर माती जेमतेम चार बोटं, खाली जांभा. त्यामुळे ग्लास भेगांत साठलेल्या मातीत किंवा सड्याच्या कडेला, झुडपं सुरू होतात तिथेच बसतो. ग्लासची कड जमिनीला समतल किंवा तसूभर खाली हवी. मिलीमीटरभर जरी वर राहिली तरी छोटे भुंगेरे तिला वळसा घालून निघून जातात. जिथे पूर्ण खोल बसला नाही तिथे ओल्या मातीचा उतार कडेपर्यंत लिंपला.

ग्लासात एक तृतीयांश उंचीपर्यंत प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचं निम्मं-निम्मं मिश्रण, वर बिनवासाच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर हलके किडे पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि चढून निघून जातात. गाडीच्या कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल स्वस्त पडतं, पण ते गोड आणि विषारी. सड्यावर गुरं चरतात, कुत्री हिंडतात. ते वापरायचं नाही, यावर चर्चाही नको.

शेणकिड्यांच्या सापळ्यांवर मलमलीच्या फडक्यात लिंबाएवढा ताज्या शेणाचा गोळा, ग्लासच्या तोंडावर आडव्या काडीला टांगून. शेण पहाटेचं. ज्या गुरांना नुकतंच आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं इंजेक्शन किंवा औषध दिलं आहे त्यांचं शेण घेऊ नये. औषधाचा अंश शेणातून उतरतो, अळ्यांना मारतो आणि प्रौढांवरही परिणाम करतो. गुराख्याला आधी विचारलं की प्रश्न मिटतो.

११ जून
शेणाचे सापळे ४८ तासांच्या आत उपसले. त्यापुढे शेण सुकतं आणि आत मुंग्यांची गर्दी वाढते.

निम्म्याहून जास्त ग्लास पाण्याने काठोकाठ भरलेले. वरचं छप्पर १२ सेंटीमीटर चौरस होतं, पण आंबोलीचा पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. आता छप्पर २० सेंटीमीटरचं, चार खिळ्यांवर ३ ते ४ सेंटीमीटर उंच, वाऱ्याच्या बाजूला किंचित कललेलं, वर जांभ्याचा तुकडा. शिवाय ग्लासच्या दोन तृतीयांश उंचीवर तापलेल्या सुईने भोकं पाडून आतून बारीक जाळी चिकटवली. पाणी चढलं तर तिथून निघतं, किडे आत राहतात. ग्लायकॉल पातळ होतं ते होतंच. मुसळधार पावसात रोज बदलावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी नमुने सडायला लागतात.

१४ जून
पावसाची उघडीप, सकाळी दहानंतर ऊन. हातानेच गोळा केले. उड्या मारणारे कोळी सापळ्यात फारसे येत नाहीत. नजर तेज असते, कड ओळखतात. तापलेल्या जांभ्यावर गुडघ्यावर बसून हालचाल शोधायची आणि पुढून कुपी, मागून ब्रश. बोटाने दाबायचं नाही, पाल्प (तोंडाशेजारचा आखूड पायासारखा अवयव) मोडतो.

नमुना क-१४: नर, अंगाची लांबी सुमारे ५ मिमी, काळपट कॅरापेसवर (डोकं-छातीच्या कवचावर) दोन उभे पांढरे पट्टे, डोळ्यांच्या कडेला राठ केस, जमिनीवरचाच वावर. स्टेनेल्युरिलस या जीनसकडे (जवळच्या प्रजातींच्या गटाकडे) बोट दाखवणारी लक्षणं. पण पांढरे पट्टे या जीनसमधल्या बऱ्याच प्रजातींत असतात, त्यामुळे फोटोवरून "नवीन आहे" म्हणणं फुकट. जिवंतपणीचे फोटो मात्र आजच काढले. अल्कोहोलमध्ये रंग उतरतात, आणि खवल्यांची चमक ओल्या नमुन्यावर वेगळीच दिसते. पाच-दहा मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं की कोळी सुस्तावतो; पांढऱ्या कागदावर एक आणि जांभ्यावर एक अशा दोन मालिका. प्रत्येक मालिकेचा पहिला फोटो नमुना क्रमांकाच्या चिठ्ठीचा. हे केलं नाही की रात्री चाळीस फोटो आणि सहा कोळी यांची जोडी लावत बसावं लागतं.

१९ जून
हाती आलेल्यांत पिल्लं आणि अर्धवट वाढ झालेले जास्त. पिल्लावरून प्रजाती ठरत नाही. पाल्प फुगलेला, टपोरा, पण त्यावर कसलीच नक्षी नाही, असा नर म्हणजे शेवटची कात बाकी आहे. असे मारायचे नाहीत, वाढवायचे. प्रत्येकाला वेगळी ५ सेंटीमीटरची डबी (एकत्र ठेवले तर एकच उरतो), झाकणाला बारीक भोकं, कोपऱ्यात ओला कापूस, दोन दिवसांआड एक-दोन फळमाश्या. कोळी रेशमी पिशवी विणून आत बसला आणि खाणं सोडलं की भक्ष्य काढून घ्यायचं. कात टाकताना अंग मऊ असतं, आत राहिलेली वाळवी किंवा मुंगी त्याला कुरतडते. कापूस सुकला तर पाय जुन्या कातीतच अडकतात आणि वाकडे वाळतात.

२ जुलै
दोन नरांनी कात टाकली. अंग कडक व्हायला चार-पाच दिवस द्यायचे. कातही त्याच क्रमांकाने कुपीत.

६ जुलै
क-१४ चा डावा पाल्प काढला. प्रौढ नरात त्याचं टोक वीर्य मादीपर्यंत नेण्याचं साधन बनतं, आणि त्याची घडण प्रजातीगणिक वेगळी असते. रिवाज डाव्याचा, म्हणून जगभरच्या आकृत्या एकमेकींशी ताडता येतात. उजवा अंगालाच राहू द्यायचा. डावा हरवला तर तोच आधार.

तिन्ही बाजूंनी पाहायचं: आतून, खालून, बाहेरून. पाल्प हवा त्या कोनात स्थिर ठेवायला रंगहीन हॅन्ड सॅनिटायझरचं जेल उत्तम. बशीत जेल, त्यात पाल्प, वर ७० टक्के अल्कोहोल. जेलमधले बुडबुडे आधी सुईने फोडायचे, ते नेमके एम्बोलसवर, म्हणजे वीर्य सोडणाऱ्या टोकावर येऊन बसतात. काम झाल्यावर नमुना तीन वेळा अल्कोहोलमध्ये धुवायचा, नाहीतर जेल वाळून पापुद्रा धरतो. फोटो थरांचे, २५ ते ४० थर जोडून एक. चित्र मात्र हातानेही काढलं. फोटोत सगळं सारखंच दिसतं. चित्र काढताना कडा कुठे संपते हे ठरवावंच लागतं, आणि फरक तिथेच सापडतो.

एम्बोलस अर्ध्या वळणाचा, टोकाशी दुभंगलेला. टिबियावरचा (पाल्पच्या एका पेरावरचा) काटा आखूड, बोथट. छापील आकृत्यांपैकी एकीशी जुळतो, पण पूर्ण नाही. एम्बोलसचं टोक समागमात मोडूही शकतं, त्यामुळे एकाच नरावर विसंबायचं नाही. कात टाकून प्रौढ झालेले दोघे इथे कामाला आले: ते कधीच मादीजवळ गेलेले नाहीत, आणि त्यांचंही टोक दुभंगलेलंच.

१३ जुलै
मादी, क-२२. एपिजाइन (मादीच्या जननछिद्रांवरचं कडक कवच) बारीक टाचणीने चौकोनी कापून उचललं. आतल्या नळ्या दिसण्यासाठी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साध्या तापमानाला रात्रभर ठेवतात, किंवा कोमट करून दहा-पंधरा मिनिटं. घाई असेल तरी उकळायचं नाही. पातळ भिंतीच्या नळ्या पारदर्शक होत होत दिसेनाशा होतात, आणि परत आणता येत नाहीत. दर दोन-तीन मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहायचं. नंतर पाण्यात व्हिनेगरचा थेंब टाकून धुतलं आणि लवंगेच्या तेलात घालून पाहिलं. लवंगेचं तेल औषधांच्या दुकानातलं चालतं, पण बाटलीवर "मिश्रित" लिहिलेलं नको.

डाव्या छिद्रावर तपकिरी बूच. समागमानंतरचं हे बूच काही कोळ्यांत असतं. ते रचनेचा भाग समजून चित्रात काढलं की एक खोटी प्रजाती जन्माला येते. सुईने खरवडून काढलं, खाली छिद्र दोन्हीकडे सारखंच.

२१ जुलै
भुंगेऱ्यांच्या पेटीत बुरशी.

टाचणी टोचलेले भुंगेरे आतून ओले असताना पेटीत गेले तर असं होणारच. जुलैत इथे हवाच पिळून काढण्यासारखी. उपाय: लाकडी खोक्यात १५ वॅटचा बल्ब, वर जाळी, तीन ते सात दिवस ४० अंशांच्या आसपास. त्यानंतरच हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेने परत वाळवायचं. बुरशी आलेल्यांना मऊ ब्रशने अल्कोहोल फिरवलं. डांबरगोळीने बुरशी थांबत नाही, आणि पेटीत आधीच शिरलेल्या, वाळके नमुने खाणाऱ्या संग्रहालय-भुंगेऱ्यांच्या अळ्याही मरत नाहीत. त्यांच्यासाठी पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून उणे २० अंशांना दोन आठवडे. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मुंग्या एका रात्रीत टाचणी तेवढी शिल्लक ठेवतात.

टाचणी नेहमी उजव्या पंखकवचातून, म्हणजे मध्यरेषेवरची लक्षणं शाबूत राहतात आणि डावी बाजू पूर्ण मिळते. ८ मिमीपेक्षा लहान भुंगेऱ्याला टोचायचं नाही, पुठ्ठ्याच्या टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवायचं. सुपरग्लूने चिकटवलेला नमुना पुढच्या संशोधकासाठी मेलेलाच.

५ ऑगस्ट
ऑन्थोफॅगस. शेणकिड्यांच्या या जीनसमध्ये जगभर दोन हजारांहून अधिक प्रजाती, त्यामुळे "नवीन सापडली" असं वाटण्याची सोयही सर्वांत जास्त. आमच्या सापळ्यांत एक शिंगवाला नर आणि एक बिनशिंगी, थोडा लहान नर. डोक्याचा आकार वेगळा, छातीच्या कवचाचा उतारही वेगळा. भारतीय शेणकिड्यांसाठी आजही कीटकशास्त्रज्ञ ॲरोच्या १९३१ च्या खंडापासून सुरुवात करावी लागते, आणि त्यातली तुलना-सारणी शिंगांवर बरीच अवलंबून आहे. बिनशिंगी नर तिच्यात भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतो.

इथे सापळा असा: ऑन्थोफॅगसच्या अनेक प्रजातींत नर दोन प्रकारचे असतात. अळीला शेणाच्या गोळ्यात भरपूर खाणं मिळालं तर मोठा, शिंगवाला. कमी मिळालं तर छोटा, जवळजवळ बिनशिंगी. प्रजाती एकच. म्हणून आधी मोजमाप: छातीच्या कवचाची रुंदी आडव्या अक्षावर, शिंगाची लांबी उभ्या अक्षावर. हाताशी असलेले सगळे नर मांडल्यावर बिंदू एकाच नागमोडी रेषेवर बसले, मधले दोन-तीन नमुने दोन्ही टोकांना जोडणारे.

मग जननांग. नमुना गरम पाण्यात वीस मिनिटं मऊ करायचा, शेवटच्या खंडाखालून वाकवलेल्या टाचणीने एडिएगस (नराचं जननांग) ओढायचा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कोमट करायचा, आणि आतली पिशवी उलगडून तिच्यातली कडक पट्टी पाहायची. बाहेरचे पॅरामिअर्स (एडिएगसच्या टोकाचे दोन भाग) जवळच्या प्रजातींत सारखे दिसू शकतात. ही आतली पट्टी जास्त बोलकी. दोन्ही नरांत ती एकसारखी, टोकाच्या दुहेरी वळणापर्यंत. बिनशिंगी नर माहीत असलेल्या प्रजातीचाच. नवीन प्रजाती नाही, पण दोन्ही रूपांचे फोटो आणि आलेख टिपणात देण्यासारखे आहेत; बिनशिंगी नराचं चित्र नसल्यामुळे इतरही इथेच अडकत असणार. जननांग ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत, त्याच टाचणीवर.

२३ ऑगस्ट
क-१४ साठी वाचन. जागतिक कोळी सूची हा आधार. बर्नच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडून चालणाऱ्या या सूचीत एप्रिल २०२२ मध्ये ५०,००० वी प्रजाती नोंदली गेली. स्टेनेल्युरिलस हा जीनस अभ्यासक सिमोनने १८८६ साली मांडला, भारतातून रायमोझरने १९३४ साली स्टेनेल्युरिलस लेसर्टीचं वर्णन केलं, आणि गेल्या दशकात भारतीय भर झपाट्याने पडली. तक्ता केला: प्रत्येक प्रजातीपुढे नर माहीत आहे का, मादी माहीत आहे का, मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात, एम्बोलसची दिशा, काट्याचा आकार. "मादी माहीत नाही" अशा रकान्यांकडे विशेष लक्ष. आपली मादी ही त्यांच्यापैकी कुणाची तरी जोडीदारीण असू शकते. जुन्या वर्णनांत दोन वेगळी नावं मिळालेले नर-मादी पुढे एकच निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आकृतीवर समाधान मानायचं नाही. जवळच्या दोन प्रजातींच्या मूळ नमुन्यांचे नवे फोटो संग्रहालयांकडे मागितले. पत्रात नेमका कोन लिहायचा: "डावा पाल्प, खालून आणि बाहेरून, मापपट्टीसह". "फोटो मिळतील का" एवढंच लिहिलं तर पाठीचा एक सुंदर फोटो येतो, निरुपयोगी.

१२ सप्टेंबर
डीएनए. उजवा तिसरा पाय, म्हणजे मोजमापाला डावी बाजू अख्खी राहते. प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा नेहमीचा ६५८ अक्षरांचा तुकडा, त्याच्या प्रती काढायला फोल्मर प्रायमर. क-१४ आणि क-२२ यांचे क्रम जवळजवळ एकच, म्हणजे नर-मादीची जोडी पक्की. जवळच्या नातेवाइकापासूनचं अंतर भरपूर. पण "२-३ टक्क्यांच्या वर म्हणजे नवीन प्रजाती" हा नियम नाही. एका सड्यावरचे कोळी पिढ्यान्पिढ्या वेगळे पडले तर एकाच प्रजातीतही अंतर वाढतं. आकार आणि डीएनए एकाच बाजूला बोट दाखवत असतील तेव्हाच पुढे जायचं. इथे दाखवतात.

१८ ऑक्टोबर
नाव. प्राणिनामकरणाच्या संहितेत १९९९ नंतरच्या नावांसाठी होलोटाइप (नाव ज्याला बांधलं जातं तो एक नमुना) स्पष्ट नेमणं आणि तो कुठे ठेवला ते सांगणं बंधनकारक. फरक शब्दांत लिहावा लागतो, फोटो पुरत नाही. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमधली (प्राणिनावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतली) नोंदणी आधी, आणि ती झाल्याचा उल्लेख लेखातच हवा. तो राहिला तर नाव ग्राह्य धरलं जात नाही.

व्याकरण: पुरुषाच्या नावावरून शेवटी "आय", स्त्रीच्या नावावरून "एई". २०२१ साली हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ एका कोळ्याला दिलेलं इसियस तुकारामी हे नाव पहिल्या प्रकारचं. ठिकाणावरून "एन्सिस". पण ठिकाणाच्या नावात धोका आहे. उद्या हाच कोळी गोव्यात आणि बेळगावकडेही सापडला तर नाव दिशाभूल करत राहतं आणि बदलता येत नाही. आम्ही दुभंगलेल्या एम्बोलसवरून नाव घेतलं. ते इथेही लिहीत नाही. नाव वर्णनाआधी बातमीत किंवा समाजमाध्यमावर आलं की ते पोरकं नाव म्हणून फिरत राहतं, सूचीकारांना ताप होतो.

अक्षांश-रेखांश पूर्ण द्यायचे ठरलं. बिळात किंवा झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या मोठ्या टॅरँट्युलांच्या बाबतीत मात्र ठिकाण मुद्दाम ढोबळ द्यावं. पाळण्यासाठी त्यांची चोरटी विक्री होते. त्यांच्यापैकी पोइसिलोथेरिया हा अख्खा जीनस २०१९ पासून साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. ५ मिमीच्या कोळ्याला कुणी चोरायला येणार नाही. त्याला धोका चिरेखाणीचा, आणि त्यासाठी नेमकं ठिकाण छापलेलंच बरं.

९ नोव्हेंबर
होलोटाइप (नर, लाल लेबल) आणि पॅराटाइप (वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने, पिवळं लेबल) शासनमान्य भांडारात जमा. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची सूचना आणि नमुना अशा भांडाराला द्यावा लागतो. पॅराटाइप दोन संस्थांत विभागून ठेवले, एका ठिकाणचं अल्कोहोल सुकलं तरी दुसरीकडचे राहतात. कापलेला पाल्प आणि एपिजाइन छोट्या कुपीत घालून मूळ कुपीच्या आतच, कापसाचा बोळा लावून. कापसाचे धागे पायाच्या नख्यांत अडकतात, म्हणून कोळी आणि कापूस यांच्यामध्ये कागदाचा तुकडा.

२७ जानेवारी
पाठवलेल्या लेखावर परीक्षकांचे अभिप्राय आले. एक: मोजमापं एकाच नराची का? सगळ्या प्रौढ नरांची किमान-कमाल मूल्यं दिली. दोन: बूच काढण्याआधीचा फोटोही द्या. योग्य मागणी, दिला. तीन: डोळ्यांतली अंतरं कॅरापेसच्या कोणत्या कोनातून मोजली? वरून आणि समोरून अशी दोन्ही पुन्हा मोजून कोन लिहिला. चार: क-२२ च्या लेबलावरची उंची आणि तक्त्यातली उंची यांत १२ मीटरचा फरक. लेबलावर जीपीएसचा आकडा आहे, तक्त्यात नकाशावरचा. लेबल आहे तसंच राहील, तक्ता बदलून पद्धत लिहिली. सुधारित प्रत उद्या रवाना.